क्लास आणि बॅकग्राउंडची जोडी जुळवताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून फासे टाकत खेळायच्या भूमिकांच्या खेळात मंक (मठातला लढवय्या) हा क्लास, म्हणजे कॅरॅक्टरचा पेशा, घेतला की बॅकग्राउंडच्या, म्हणजे त्याच्या आधीच्या आयुष्याच्या, यादीतून हर्मिट (एकांतवासी) उचलावासा वाटतो. एकांत, तप, मठ, सगळं एकाच घरातलं वाटतं. घोळ कळतो तो शीटवर, म्हणजे कॅरॅक्टरच्या नोंदीच्या कागदावर, आकडे मांडायला घेतल्यावर. आकडे सहा एबिलिटींचे असतात: स्ट्रेंग्थ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स (बुद्धी), विज्डम (समज) आणि करिष्मा (छाप). मंकचं सगळं बळ डेक्स्टेरिटी आणि विज्डममध्ये असतं, आणि हर्मिट देतो कॉन्स्टिट्यूशन, विज्डम आणि करिष्मा. डेक्स्टेरिटी त्यात नाहीच. पॅलाडिनसाठी अ‍ॅकोलाइट निवडणाऱ्याचंही तेच होतं. देवाचा योद्धा देवळात वाढला हे ऐकायला छान आहे, पण स्ट्रेंग्थच्या पदरात काहीच पडत नाही.

म्हणून नावावरून जोडी जमवू नका. आधी आकडे बघा, मग दोनदा मिळणाऱ्या गोष्टी शोधा, मग बाकीच्या ग्रुपकडे बघा आणि गोष्ट सगळ्यात शेवटी लिहा. गोष्ट शेवटी लिहिली म्हणून ती कमी महत्त्वाची ठरत नाही. गोष्ट कशीही वळवता येते, आकडे वळत नाहीत, एवढंच त्याचं कारण.

पायरी १: टेबलावर कोणतं पुस्तक चालतं ते विचारा

हा खेळ १९७४ पासून चालत आला आहे. सध्या टेबलांवर पाचव्या आवृत्तीची दोन रूपं दिसतात, २०१४ चं ‘प्लेअर्स हँडबुक’ आणि २०२४ चं. दोन्हींत १२ क्लास आहेत, पण बॅकग्राउंडचं काम पार बदललं आहे. २०१४ मध्ये १३ बॅकग्राउंड होते. ते दोन स्किल, टूल किंवा भाषा, थोडं सामान आणि एक फीचर द्यायचे. एबिलिटीचे वाढीव आकडे तेव्हा रेसमधून, म्हणजे कॅरॅक्टरच्या वंशातून, यायचे. २०२४ मध्ये १६ बॅकग्राउंड आहेत आणि एबिलिटीची वाढ आता बॅकग्राउंडमध्येच आली आहे. त्याशिवाय दोन स्किल, एक टूल, एक ओरिजिन फीट (सुरुवातीलाच मिळणारी खास खुबी), आणि ठरलेलं सामान किंवा त्याऐवजी ५० सोन्याची नाणी मिळतात.

दोन पुस्तकांची सरमिसळ झाली की हमखास एक चूक होते. जुन्या पुस्तकातल्या रेसचे वाढीव आकडेही घेतले जातात आणि नव्या बॅकग्राउंडचेही. मग पहिल्याच लेव्हलला एखाद्याची डेक्स्टेरिटी १९ होऊन बसते. नव्या नियमांनी खेळताना जुनी रेस वापरली तर तिची वाढ सोडून द्यायची आणि फक्त बॅकग्राउंडची धरायची. उलट, जुना बॅकग्राउंड नव्या टेबलावर आणला तर वाढ तुमच्या मर्जीने वाटायची आणि त्यात फीट नसेल तर एक ओरिजिन फीट निवडायचं.

पुस्तक विकत घ्यायची घाई नको. २०२४ च्या नियमांचा मोफत संच ‘एसआरडी ५.२’ या नावाने उपलब्ध आहे. त्यात सगळे १२ क्लास आणि अ‍ॅकोलाइट, क्रिमिनल, सेज व सोल्जर हे चार बॅकग्राउंड आहेत. पहिलं कॅरॅक्टर तेवढ्यात बनतं. पुढचं सगळं २०२४ च्या नियमांना धरून लिहिलं आहे.

पायरी २: क्लासला काय लागतं ते लिहून काढा

बार्बेरियनला स्ट्रेंग्थ. फायटरला स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, दोन्हीपैकी एक. रोगला (इंग्रजी Rogue, चोरट्या चालीचा) डेक्स्टेरिटी. विझर्डला इंटेलिजन्स. क्लेरिक आणि ड्रुइडला विज्डम. बार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉकला करिष्मा. उरले तीन क्लास, त्यांना दोन-दोन एबिलिटी लागतात: मंक आणि रेंजरला डेक्स्टेरिटी व विज्डम, पॅलाडिनला स्ट्रेंग्थ व करिष्मा.

याच्या खाली कॉन्स्टिट्यूशन लिहा. ते कोणत्याच क्लासचं मुख्य नाही, पण हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) त्यावर ठरतात आणि चालू जादू टिकवायची फाशाची फेकही त्यावरच होते. कागदावर आता दोन किंवा तीन नावं असतील. बॅकग्राउंड शोधायचा तो यांच्यासाठी.

पायरी ३: आकडे जुळवा

प्रत्येक बॅकग्राउंड तीन एबिलिटींची नावं देतो. त्यातल्या एकीला २ आणि दुसरीला १ वाढवायचा, नाहीतर तिन्हींना एकेक.

एकच एबिलिटी लागणाऱ्या क्लासला भरपूर वाव असतो. विझर्डचंच घ्या. इंटेलिजन्स देणारे आठ बॅकग्राउंड आहेत, त्यात इंटेलिजन्स आणि कॉन्स्टिट्यूशन दोन्ही देणारे तीन: सेज, मर्चंट आणि क्रिमिनल. बार्बेरियनला स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशन फार्मर व सोल्जर या दोघांकडून मिळतं. करिष्मा आणि कॉन्स्टिट्यूशन हवं असलेल्या सॉर्सरर-वॉरलॉकला शार्लटन (भोंदू), हर्मिट किंवा मर्चंट. विज्डम आणि कॉन्स्टिट्यूशन हवं असलेल्या क्लेरिकसाठी फार्मर, गाइड, हर्मिट आणि सेज हे चार.

दोन एबिलिटींच्या क्लासला खरी अडचण येते. डेक्स्टेरिटी आणि विज्डम एकत्र देणारे बॅकग्राउंड चारच आहेत: गाइड, सेलर, स्क्राइब आणि वेफेअरर (भटका). मंक आणि रेंजरने याबाहेर जाऊ नये. पॅलाडिनची अवस्था याहून बिकट. स्ट्रेंग्थ आणि करिष्मा दोन्ही देणारे १६ पैकी फक्त दोन, नोबल आणि एंटरटेनर. पॅलाडिनला एंटरटेनर ऐकायला विचित्र वाटतं, पण भर चौकात पोवाडा गाणारा शाहीर तलवार उचलून शपथ घेतो असं म्हटलं की मराठी टेबलावर कोणालाच ते खटकत नाही.

आता विषम आकड्यांची गोष्ट, कारण नवखे सगळ्यात जास्त नुकसान इथे करून घेतात. खेळात फेकीला जोडला जातो तो मॉडिफायर, आणि तो दर दोन आकड्यांनी एकदाच वाढतो: १२ आणि १३ ला +१, १४ आणि १५ ला +२, १६ आणि १७ ला +३. म्हणजे १४ चे १५ केले तर हाती काहीच लागत नाही. १३ चे १४ केले तर लागतं.

ठरावीक आकड्यांची पद्धत वापरत असाल तर तुमच्याकडे १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे असतात. ज्या एबिलिटीला २ वाढवायचे तिथे १५ ठेवा, जिथे १ वाढवायचा तिथे १३ ठेवा, आणि १४ अशा एबिलिटीला द्या जिला बॅकग्राउंड हात लावणार नाही. मुख्य एबिलिटी १७ झाली की चौथ्या लेव्हलला मिळणाऱ्या फीटमधला १ तिथेच घालून ती १८ होते आणि मॉडिफायर +४ होतो. बहुतेक फीटमध्ये तो १ असतो, तरी निवडण्यापूर्वी वाचून घ्या.

एक कॅरॅक्टर पूर्ण मांडून बघू: विझर्ड, बॅकग्राउंड मर्चंट. मर्चंट देतो कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, करिष्मा. इंटेलिजन्सला १५, त्यात २ मिळवून १७. कॉन्स्टिट्यूशनला १३, त्यात १ मिळवून १४. मर्चंट डेक्स्टेरिटीला काही देत नाही, म्हणून १४ तिला. विज्डम १२, करिष्मा १०, स्ट्रेंग्थ ८. पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट विझर्डचे ६ अधिक कॉन्स्टिट्यूशनचे २, एकूण ८. जादूचा हल्ला +५ (मॉडिफायर ३ आणि प्रोफिशियन्सी, म्हणजे येत असलेल्या कामाचा वाढीव आकडा, २), समोरच्याला वाचण्यासाठी लागणारा आकडा १३. मेज आर्मर ही जादू केली की आर्मर क्लास (हल्ला लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १३ अधिक २ म्हणजे १५. आता हाच विझर्ड कॉन्स्टिट्यूशन १४ आणि डेक्स्टेरिटी १३ असा मांडून पाहा. वाढवलेला १ कॉन्स्टिट्यूशनला १५ करून वाया जातो, डेक्स्टेरिटीचा मॉडिफायर +१ वर राहतो आणि आर्मर क्लास एकाने उतरतो. फक्त दोन आकड्यांची जागा चुकली म्हणून एवढा फरक.

पायरी ४: दोनदा मिळणाऱ्या गोष्टी शोधा

क्लास आणि बॅकग्राउंड एकच गोष्ट देत असतील तर एक फुकट जाते. स्किलच्या बाबतीत हे टाळणं सोपं आहे. बॅकग्राउंडची दोन स्किल ठरलेली असतात, म्हणून ती शीटवर आधी लिहा आणि क्लासच्या यादीतून उरलेली घ्या. सोल्जर अ‍ॅथलेटिक्स आणि इंटिमिडेशन देतो. ही दोन्ही फायटरच्या यादीतही आहेत, तेव्हा फायटरने तिथून पर्सेप्शन आणि सर्व्हायव्हल उचलावं. सेजकडून अर्काना आणि हिस्ट्री मिळते, मग विझर्डने इन्व्हेस्टिगेशन आणि इनसाइट घ्यावं.

टूलमध्ये निवड नसते, तिथे फसायला होतं. रोगला थीव्ह्ज टूल्स क्लासमधूनच येतात, क्रिमिनल आणि वेफेअररही तेच देतात. ड्रुइड आणि हर्मिट दोघेही हर्बलिझम किट देतात. २०१४ च्या नियमांत अशा वेळी त्याच प्रकारची दुसरी वस्तू घेता येते असं स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या टेबलावर काय चालतं ते डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, विचारा. रोगसाठी आमची पसंती स्क्राइबला. डेक्स्टेरिटी आहे, इन्व्हेस्टिगेशन व पर्सेप्शन आहे, टूल वेगळं मिळतं, आणि स्किल्ड या फीटमुळे हवी ती आणखी तीन स्किल.

क्रिमिनल हा बॅकग्राउंड रोगपेक्षा इतरांना जास्त उपयोगी पडतो. नव्या नियमांत टूल आणि त्या फेकीला लागणारं स्किल दोन्ही येत असतील तर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकून मोठा आकडा धरायचा. क्रिमिनल थीव्ह्ज टूल्सही देतो आणि स्लाइट ऑफ हँडही (हातचलाखी). धनुष्य चालवणाऱ्या डेक्स्टेरिटीच्या फायटरला तो दिला की ग्रुपात रोग नसला तरी कुलपं उघडतात.

बार्ड आणि एंटरटेनरचा हिशेब बघा. बार्डला तीन वाद्यं येतात, एंटरटेनरमुळे चौथं, आणि त्याच्या म्युझिशियन फीटमुळे आणखी तीन. एकूण सात वाद्यं. करिष्मा आणि डेक्स्टेरिटी दोन्ही मिळत असल्याने आकड्यांत तोटा नाही, पण सातपैकी सहा वाद्यं खेळात कधी बाहेर निघत नाहीत. शार्लटन बार्ड जास्त कामाचा.

फीटही याच नजरेने तपासा. टफ प्रत्येक लेव्हलला २ हिट पॉइंट देतं, पाचव्या लेव्हलला १०. अलर्टमुळे लढाईत पाळी लवकर येते आणि ती सोबत्याशी बदलताही येते. लकीमुळे पहिल्या लेव्हलला दिवसाला दोनदा नशीब आपल्या बाजूने वळवता येतं, आणि ते कोणत्याही क्लासला चालतं. सॅव्हेज अटॅकर नावाने जेवढं भयंकर वाटतं तेवढं नाही. डी८ च्या तलवारीला दर पाळीला सरासरी सव्वा-दीडच्या मध्ये कुठेतरी फायदा होतो, डी१२ च्या कुऱ्हाडीला जवळपास २. टॅव्हर्न ब्रॉलर हाताच्या ठोशाला डी४ देतं. मंकचा ठोसा मुळातच डी६ असतो, त्यामुळे सेलर मंकला त्यातला तो भाग निरुपयोगी.

मॅजिक इनिशिएटबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. अ‍ॅकोलाइट, गाइड आणि सेज ते देतात, अनुक्रमे क्लेरिक, ड्रुइड आणि विझर्डच्या यादीतून. दोन कॅन्ट्रिप (कितीही वेळा करता येणारी छोटी जादू) आणि पहिल्या पातळीची एक जादू मिळते. क्लेरिकने अ‍ॅकोलाइट घेतला तर स्वतःच्याच यादीतल्या तीन गोष्टी वाढतात. त्याच क्लेरिकने सेज घेतला तर विझर्डची शील्ड ही जादू हाती येते, जिने पुढच्या पाळीपर्यंत आर्मर क्लास ५ ने वाढतो आणि जी क्लेरिकला एरवी शिकता येत नाही. दिवसातून एकदा ती फुकट करता येते, नंतर स्वतःचे स्पेल स्लॉट (जादू करायच्या मोजक्या संधी) वापरून. कॅन्ट्रिपसाठी एबिलिटी निवडताना विज्डम निवडा, नाहीतर हल्ले इंटेलिजन्सवर जातील आणि चुकत राहतील.

पायरी ५: ग्रुपकडे बघा

इथवरचं सगळं घरी एकट्याने होतं, आणि ते घरीच उरकून घ्यावं. रविवारी ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक लागला की पनवेल-नेरुळकडची मंडळी ठाण्याला उशिरा पोचतात, आणि कॅरॅक्टर बनवायचा वेळ मग खेळातून कापला जातो.

भेटल्यावर चारही शीट शेजारी ठेवा आणि पाच स्किलवर बोट फिरवा: पर्सेप्शन, स्टेल्थ, पर्सुएशन, इन्व्हेस्टिगेशन, मेडिसिन किंवा सर्व्हायव्हल. यातलं एखादं कोणाकडेच नसेल तर ज्याचा बॅकग्राउंड बदलायला सोपा त्याने बदलावा. पर्सेप्शन मात्र किमान दोघांकडे हवं. डीएम न विचारताच १० अधिक विज्डमचा मॉडिफायर अधिक प्रोफिशियन्सी हा आकडा बघून ठरवतो की दबा धरून बसलेला शत्रू कोणाला दिसला. तिथे सगळेच ११ वर असले तर पहिला हल्ला कायम अंगावर येतो.

मोहीम कुठे घडणार तेही याच वेळी विचारा. सगळी मोहीम जंगलात असेल तर शार्लटनचं फोर्जरी किट (खोटे कागद बनवायचं सामान) पिशवीतच राहतं.

पायरी ६: आता गोष्ट

तीन जागा भरा: आधी काय करत होतो, काय घडलं, त्यातून क्लासकडे कसा वळलो. तीन वाक्यं, फार तर पाच. पहिल्या लेव्हलचं कॅरॅक्टर एका घावात मरू शकतं, त्याने आधीच ड्रॅगन मारलेला असणं पटत नाही. आणि चार पानांचा इतिहास डीएम वाचतो, पण त्याचं करायचं काय ते त्याला कळत नाही.

बॅकग्राउंडचं इंग्रजी नाव मनात चित्र उभं करत नसेल तर आजूबाजूला बघा. गाइड म्हणजे येऊरच्या पाड्यावरचा माणूस, ज्याला पायवाट कुठे फुटते आणि पावसात कोणता ओढा ओलांडू नये हे ठाऊक असतं. सेलर म्हणजे दिवाळे कोळीवाड्यातला कोळी. पाण्याचा रंग बघून भरतीचा अंदाज घेणं हेच शीटवरचं पर्सेप्शन, आणि हलत्या होडीत उभं राहून जाळं फेकणं हे अ‍ॅक्रोबॅटिक्स. स्क्राइब म्हणजे १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या जागी जुनी पानं जपणारं कोणी. गोष्ट खेळाच्याच जगात घडते, वाशी-ठाण्यात नाही. पण स्किल कसलं हे एकदा डोळ्यांसमोर आलं की टेबलावर तोंड उघडायला अडत नाही.

वरचा मर्चंट विझर्ड घ्या. धान्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिणारी मुलगी. अडत्याच्या घरून आलेल्या जुन्या खतावणीत मधली काही पानं कोणी तरी वेगळ्याच लिपीत लिहिलेली. ती बेरीज करायला गेली आणि दिव्याची ज्योत निळी झाली. तिचं स्पेलबुक म्हणजे तीच लाल कापडी बांधणीची वही: डाव्या पानावर येणं-देणं, उजव्या पानावर जादू. नियमांप्रमाणे नवी जादू वहीत उतरवायला तिच्या पातळीमागे ५० सोन्याची नाणी आणि दोन तास लागतात. हा खर्च ती रोजमेळात मांडते. टेबलावर ‘मी जादू उतरवते’ असं म्हणण्याऐवजी ‘आजच्या रोजमेळात ५० खर्ची’ असं म्हटलं की कॅरॅक्टर बोलायला लागतं. शिवाय ती पानं लिहिली कोणी, हा धागा मोकळा राहतो. डीएमला असाच एक मोकळा धागा हवा असतो. तो तुम्ही स्वतः सोडवून ठेवू नका.

सूड घ्यायला निघालेला, कोणाशीही न बोलणारा एकटा क्रिमिनल रोग मात्र टाळा. चार तासांच्या खेळात गप्प बसणाऱ्याचं काय करायचं हे उरलेल्या तिघांना कळत नाही. एका तरी सोबत्याशी जुनी ओळख लिहा.

पायरी ७: यादीतलं काहीच बसत नसेल तर

२०२४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये नवा बॅकग्राउंड बनवायची रीत दिली आहे: तीन एबिलिटी, एक ओरिजिन फीट, दोन स्किल, एक टूल आणि ५० नाण्यांचं सामान. डीएमची परवानगी मात्र आधी घ्या. नियम मोडणारी कोणतीही गोष्ट त्यात येत नसल्याने बहुतेक डीएम हरकत घेत नाहीत.

नमुन्यादाखल माथाडी करून बघा, बंदरावर गोण्या वाहणारा आणि मुकादमाशी मजुरीचा भाव बोलणारा. एबिलिटी: स्ट्रेंग्थ, कॉन्स्टिट्यूशन, करिष्मा. फीट: टफ. स्किल: अ‍ॅथलेटिक्स आणि पर्सुएशन. टूल: वीव्हर्स टूल्स, म्हणजे गोणी शिवायची दाभण आणि सुतळी. सामानात दोर, लोखंडी आकडा, जाड चादर आणि उरलेली नाणी. पॅलाडिनसाठी यादीत दोनच पर्याय होते, हा तिसरा झाला. कॉन्स्टिट्यूशनही त्यातच आलं. त्याची शपथ देवळात झालेली नसेल, संपाच्या दिवशी बंदराच्या फाटकावर झालेली असेल.

ठरलं की खेळाच्या आदल्या रात्री डीएमला एवढाच मेसेज पाठवा:

‘माथाडी पॅलाडिन, लेव्हल १. स्ट्रेंग्थ १७, करिष्मा १४, कॉन्स्टिट्यूशन १४, विज्डम १२, डेक्स्टेरिटी १०, इंटेलिजन्स ८. स्किल: अ‍ॅथलेटिक्स, पर्सुएशन, क्लासमधून इनसाइट आणि रिलिजन. पर्सेप्शन माझ्याकडे नाही, कोणी तरी घ्या. फाटक बंद करण्याचा हुकूम कोणी दिला होता हे मला माहीत नाही, ते तुम्ही ठरवा.’